कोंबड्याचाही आवाज बसला

आरमोरीहून वडस्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवरा झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारा. यंदा काम सोडतो, हे वडस्याच्या नाटक मंडळीला सांगायला निघाला होता.

“इंदू, घरी गाणं रेकॉर्ड करून आयकलं ना मी. आवाज पार जाडा झाला माहा. गाणं बी रेंगाळते.”

“अजी, त्या गाण्यात मांगं आपला कोंबडा आरवला, तो आयकला का?”

“आयकला. त्याचं काय?”

“तोही जाडाच आरवला. त्याचाही गळा बसला का मंग?”

“म्हंजे?”

“म्हंजे तुमचा गळा चांगला हाय, मशीनच हळू चालली. मी आपल्या चंचलले फोन केला. पोरगी म्हने, माइक सेकंदाले आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे घेते, अन् मोबाईल चव्वेचाळीस हजारच वाजवते. दोन्ही आकडे सारखे नसले का गाणं हळू वाजते, आवाज जाडा होते.”

“तू मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी आयकता का? रुसून बसले होते. सकाळी तुमी आंघोळीले गेले, तवा मोबाईलातला आकडा बदलला मी. घ्या, हे कानात घाला अन् आयका.”

मागून हळू आवाजात गाणं गुणगुणल्याचं ऐकू आलं.

“इंदू, हा मीच हाव का वं?”

“तुमीच हाव. डोळे पुसा, लोक पाहून राह्यले.”

“मंग आता वडस्याले जाऊन काय सांगू?”

“सांगू नका काई. तालीम कधी सुरू होते, तेवढं इचारा.”