रंग गेलेलं पाणी

नाही सर, घरात नाही तो — वनाभाऊंच्या नर्सरीत असतो हल्ली, केळीच्या रोपांना पाणी घालतो. हो, तुमचाच विद्यार्थी योगराज, एम.टेक. झालेला. बसा ना. मी त्याची आई. त्याने बनवलेला तो रिअ‍ॅक्टर ना? मागे पत्र्याखाली पडलाय. काचेच्या नळ्या, आतून पांढरा लेप — कापड रंगवायच्या कारखान्याचं लालभडक पाणी दिवसभर उन्हात त्यातून फिरवायचं, की संध्याकाळी नितळ. बघायला निम्मं सावदा गाव आलं होतं. माझ्या दिरांना, शालिग्राम नानांना, पुतण्याचं केवढं कौतुक — म्हणाले, माझ्या नव्या केळीबागेच्या ठिबकला हेच पाणी सोड. योगराज घुटमळला, मी पाहिलं ना. पण सगळे टाळ्या वाजवत होते — सोडलं त्याने.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग रोपंच बसली. मीठ हो सर — रंगवताना मीठ घालतात, उन्हाने रंग जातो, मीठ कुठं जाणार? तुम्हाला मी काय सांगायचं. पण नानांना वाटलं, वनाभाऊंनी रोपंच रोगट दिली. भावकी घेऊन त्यांच्या दारात गेले, नको नको ते बोलले. आणि योगराज तिथंच, मागे, मान खाली घालून. घरी येऊन जेवलासुद्धा नाही. मी म्हटलं, जाऊ दे, लोक विसरतील — हो, मीच म्हटलं, आई ना मी. पण वनाभाऊंकडून रोपं न्यायची लोकांनी बंद केली, तेव्हा त्याला राहवेना. नानांनाच सोबत घेऊन वनाभाऊंकडे गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रोपं चांगली होती. माझं पाणी खारं होतं, आणि ते मला माहीत होतं." तेव्हापासून नाना त्याच्याशी बोलत नाहीत. वनाभाऊ बोलतात — त्याचीच जास्त लाज वाटते म्हणतो.

माहीत कसं होतं? मोजलं होतं ना त्याने. लोकांना दाखवायच्या आदल्या दिवशी इथंच ओट्यावर बसून तुम्हाला फोन लावला — स्पीकरवर होता, मी शेंगा निवडत होते — मीठ फार आहे सर, थांबू का? तुम्ही म्हणालात, आधी रंग दाखव, मिठाचं नंतर बघू…

सगळ्यांसमोर कबूल केलं त्या दिवशी तुमचं नाव नाही घेतलं त्याने. मलाही बजावलंय, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून, आणि मी तुमच्याचजवळ —

नाही, त्याच्यासाठी थांबू नका. तुम्हाला पाहिलं की तो परत 'हो सर' म्हणेल. भुसावळची गाडी आता मिळेल चौकात. या तुम्ही.