काकणं

(कोल्हापूर, १९५३. आकारामचं स्वयंपाकघर. गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर कुत्र्यापुढं उकिडवे बसलेत. आकारामची थोरली बहीण, आक्का, चुलीपाशी.)

डॉक्टर : पोट बरं आहे याचं. दातही बरे. किती दिवस खाल्लं नाही म्हणालात?

आकाराम : आज सा. वाईच दूध चाटतोय. भाकरी टाकली की नुसता बघतोय.

आक्का : तानी गेली आनि ह्येचं अन्न गेलं. बायकू मेली आकारामची, सुतक धरलंय टिप्यानं.

आकाराम : संस्थान हुतं तवा वीस वर्सं शिकारखान्यात कुत्री सांभाळली, डाक्टर. असं उपाशी बसलेलं न्हाय बघितलं. मरंल का ह्यो?

डॉक्टर : असाच राहिला तर फार दिवस नाही काढायचा. बाई गेल्या कधी?

आकाराम : तीन आठवडं झालं.

डॉक्टर : म्हणजे त्या गेल्यावरही पंधरा दिवस खात होता.

आकाराम : ...व्हय की. खात हुता.

डॉक्टर : कोण घालत होतं?

आक्का : धोंडुबाई, आमची धाकटी भावजय. पयली भाकरी ह्येला टाकायची. गेल्या सोमवारी ती मुरगूडला गेली. तवापास्नं चुलीपाशी मी हाय.

डॉक्टर : पीठ तेच? परात तीच?

आक्का : समदं त्येच. माझ्याच हातात इख हाय म्हना.

डॉक्टर : तसं नव्हे. एक थापा बघू.

आक्का : थापते. ह्ये बघा. हाय का काय फरक?

डॉक्टर : कान हलला नाही याचा. आक्का, नुसता तळव्याचा आवाज येतोय.

आक्का : मग आनि कशाचा यील? मालक जाऊन अकरा वर्सं झाली. मोकळं हात हैत माझं.

आकाराम : काकणं.

डॉक्टर : तेच. रशियात एकानं प्रयोग केलाय. घंटा वाजवून कुत्र्याला खायला द्यायचं. पुढं नुसत्या घंटेनं त्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. याची घंटा म्हणजे परातीवरची काकणं. ती वाजल्याशिवाय भाकरी आपली, हे याला कळतच नाही.

आक्का : मंजे ह्येला तानीचं दुःख न्हाय?

डॉक्टर : ते मला तपासता येत नाही. बाईंची काकणं आहेत का घरात?

आक्का : सवाष्ण गेली ती. हातभर हिरवी भरूनच नेली.

आकाराम : चार ऱ्हायलीत. हात सुजलाता तिचा, चढली न्हाईत.

आक्का : ती टाकाय सांगितलीती मी तुला.

आकाराम : न्हाय टाकली. फडताळात हैत. सुतळीनं बांध माझ्या मनगटाला.

आक्का : बापयमानूस काकणं घालनार? गल्ली काय म्हनंल?

आकाराम : कुत्र्याला भ्यालेल्या गड्याला मी रोज म्हनायचो, काकणं भर जा हातात. आता मला म्हनू देत. बांध.

डॉक्टर : जरा सैल बांधा. वाजली पाहिजेत.

आक्का : पानी लय घिऊ नगोस. कडंनं फिरव. अरं, फाटली बघ.

आकाराम : फाटू दे.

आक्का : आकारामा, उठला त्यो.

आकाराम : बोलू नगोस.

डॉक्टर : भाजून थोडी निवू द्या. हं, टाका आता.

आक्का : खाल्ली. आख्खी खाल्ली की.

डॉक्टर : आठ दिवस असंच चालू द्या. मग एक काकण काढा. चार दिवसांनी दुसरं. शेवटी मोकळ्या हातानं थापलेलीही खाईल. शिकेल हळूहळू.

आकाराम : आनि चारी ठिवली तर?

डॉक्टर : मग रोज तुम्हालाच थापावी लागेल. आणि काचेची आहेत, आकाराम. कधीतरी फुटतील.

आक्का : पोट भरलं त्येचं. पडला बघ निवांत. आन हात हिकडं, सुतळी सोडते.

आकाराम : ऱ्हाऊ दे वाईच. परातीत पीठ हाय अजून.