वरून दिसतं ते वर

कडूबा : खिडकी लावून घेतो मॅडम. वाऱ्यानं ड्रॉइंगची शीट उडाली तर सबूत हातचा जायचा.

पद्मजा : सबूत कसला, कडूबा? आपण काय कोर्टात बसलोय? वर्कशॉपला कुलूप घातलंस ना? मग बस तिकडे गप्प. सरूबाई, तुम्हीही बसा.

सरूबाई : मी उभी बरी. गंगापूरची जीप भरली की निघती, माझ्यासाठी थांबत नाय. वर्गातल्या समद्या पोरायला सोडलं अन् मलाच कामून थांबवलं, तेवढं सांगा.

पद्मजा : ही शीट तुमची?

सरूबाई : खाली नाव लिवलंय की.

पद्मजा : नाव मला वाचता येतं. काढली कुणी, ते विचारतेय.

सरूबाई : म्या.

कडूबा : बघा. पापणीसुदिक हलली नाय.

पद्मजा : कडूबा! हे बघा सरूबाई, मी उगीच कुणावर आळ घेत नाही. पण गेल्या बॅचला घरून काढून आणलेल्या अकरा शीटा एकाच हाताच्या निघाल्या. समोरचा झेरॉक्सवाला काढून देत होता, आणि आमची पोरं खाली नुसतं नाव टाकत होती. हा कोर्स तुमच्या कंपनीच्या भरवशावर चालतो. कंपनीनं तेव्हाच कळवलं, पुन्हा असं झालं तर आमची माणसं तुमच्याकडे पाठवणार नाही. उद्या शेवटच्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी द्यायचीय. तुमचं नाव त्यात घालायचं की नाही, ते या एका शीटवर अडलंय.

सरूबाई : अन् नाय घातलं तर?

पद्मजा : तर पुढच्या बॅचला पुन्हा बसा.

सरूबाई : पुढच्या बॅचला मी बसत नाय मॅडम. पस्तिशीच्या आतलं लागतं, अन् मला वैशाखात पस्तीस पुरी व्हतात. यादीत नाव आलं तर परीक्षा, अन् मंग मशीनवर. नाय आलं तर जल्मभर त्याच मशीनच्या खालचं तेल पुसायचं. नऊ वर्षं पुसतेच हाय.

पद्मजा : ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्हाला थांबवून घेतलं, सगळ्यांसमोर विचारलं नाही.

सरूबाई : उपकार झाले. पण विचारताय काय? चांगली आली हा गुन्हा झाला व्हय?

पद्मजा : चांगली आली म्हणून नाही, चुकली म्हणून. मी वर्गात काय शिकवलं? वस्तू समोरून दिसते ते चित्र वर काढायचं, आणि वरून दिसते ते त्याच्या खाली. सहा महिने हेच घोकून घेतलं. तुमच्या शीटवर नेमकं उलटं आहे. वरचं वर, समोरचं खाली.

सरूबाई : मग? वरून दिसतं ते वरच असंल ना? घराचे पत्रे कुणी उंबऱ्याखाली काढतं व्हय?

पद्मजा : अहो, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण ही मी शिकवलेलीच नाही. परदेशी गिऱ्हाइकांचं काम करणाऱ्या कंपन्यांत अशी ड्रॉइंग काढतात. तुमच्या कंपनीतही. वर्गात बत्तीस जण आहेत, आणि एकट्या तुमच्या शीटवर ही पद्धत. बाकीची शीट इतकी नेटकी, की चुकून झालंय असं म्हणवत नाही. मग मी काय समजायचं?

कडूबा : मी सांगू काय समजायचं ते? दर रविवारी एक जण हिला फटफटीवर गेटपर्यंत सोडतो. बद्रीनाथ त्याचं नाव. गळ्यात कंपनीचं कार्ड. टपरीवर चहा पितो अन् निघून जातो. म्हणजे ड्रॉइंग कुठून येतं, ते उघडंच झालं.

सरूबाई : ओ कडूबा भाऊ, तोंड सांभाळून. बद्रीनाथ माझा सख्खा भाऊ हाय. कंपनीची शिफ्टची बस चालवतो तो. त्याला सही करायला लावली तर तिथंच घाम फुटतो, अन् तो ड्रॉइंग काढणार?

कडूबा : भाऊ म्हणायला काय जातंय...

सरूबाई : काय म्हनलात?

पद्मजा : बस! कडूबा, एक शब्द जास्त नको. माफी माग त्यांची.

कडूबा : राहिलं बाई. मी आपलं डोळ्याला दिसलं ते बोललो.

सरूबाई : डोळ्याला बाई दिसली अन् फटफटी दिसली. नुसतं तेवढंच दिसलं.

पद्मजा : सरूबाई, राग येणं साहजिक आहे. पण मी काय करू, तुम्हीच सांगा. पहिल्या महिन्यात तुम्हाला सेट-स्क्वेअर कुठल्या बाजूनं धरायचा तेही कळत नव्हतं.

सरूबाई : मग आता कळतंय, हे तुमच्या हातचंच यश धरा की.

पद्मजा : धरलं असतं, खरंच आनंदानं धरलं असतं. एक काम करू. हा कपाटातला लाकडी ठोकळा. पायरी आहे, मधे आरपार भोक आहे, एका कडेला खाच. तुम्ही हा कधी पाहिला नाही, आज पहिल्यांदाच बाहेर काढलाय. माझ्यासमोर काढून दाखवा.

सरूबाई : आत्ता?

पद्मजा : आत्ता. जीपचं मी बघते. चुकली तर कडूबा तुम्हाला स्कूटरवर स्टँडला सोडेल.

सरूबाई : त्यांच्या स्कूटरवर बसून नवी कहाणी नको मला. द्या कागद.

कडूबा : बोर्डाला चिमटे लावून देतो. ड्राफ्टर घ्या, रेघा आपोआप सरळ येतात.

सरूबाई : नको. पट्टी बास हाय.

(सरूबाई ठोकळा हातात फिरवून बघते आणि काढू लागते.)

कडूबा : मॅडम, इकडं या जरा. बघताय न्हवं? रेघ ओढताना पेन्सिल फिरवती बोटात. टोक एका बाजूला झिजू नये म्हणून. हे झेरॉक्सवाल्याकडून शिकता येत नाय.

पद्मजा : बघतेय मी.

कडूबा : भोक आतून जातंय तिथं तुटक रेघ. न सांगता. वीस वर्षं झाली या हॉलमधी, डिप्लोमाची पोरं ही रेघ विसरतात.

पद्मजा : हळू बोल. त्यांना काढू दे.

सरूबाई : झालं.

पद्मजा : पाहू. वरचं पुन्हा वरच काढलंत.

सरूबाई : हात तसाच जातो. पुसून खाली काढू का?

पद्मजा : नको, राहू दे. सगळं बरोबर आहे. मापं बरोबर, मध्यरेषा बरोबर. सरूबाई, मी चुकले. ही शीट तुमचीच आहे. मला माफ करा.

सरूबाई : मग मी निघू?

पद्मजा : थांबा. हे काय आहे कोपऱ्यात? छोटा त्रिकोण, आणि आत सी. त्या शीटवरही होता, तेव्हा मला वाटलं नक्षी काढली असेल.

सरूबाई : तो असतोच की.

पद्मजा : कुठे असतो?

सरूबाई : ड्रॉइंग पुरं झालं की कोपऱ्यात काढतातच तो. कुठं ए असतो, कुठं बी. समद्याच कागदांवर असतो.

पद्मजा : कुठल्या कागदांवर?

कडूबा : बाई...

पद्मजा : सरूबाई, ड्रॉइंगमध्ये बदल झाला की कंपनीत अशी खूण करतात. पहिला बदल ए, दुसरा बी, तिसरा सी. नव्या कोऱ्या चित्रावर ती येतच नाही. ज्यानं फक्त बदललेली, जुनी झालेलीच ड्रॉइंग पाहिलीत, त्यालाच वाटेल की ती सगळीकडे असते. कुठे पाहिलीत तुम्ही ती?

कडूबा : बाई, पुढचं सांगू नको. शीट तुझी ठरली न्हवं? नाव येईल यादीत. मुकाट्यानं जीप पकड.

पद्मजा : आत्तापर्यंत तूच मागे लागला होतास ना?

कडूबा : ते कॉपीचं मॅडम. हे निराळं. ड्रॉइंगचा कागद गेटच्या बाहेर नेला म्हणून आमच्या शेजारच्या फकिराला कंपनीनं उभ्या उभ्या काढला. सतरा वर्षांची नोकरी. त्यानं तर नुसता डबा गुंडाळला होता त्यात.

सरूबाई : सांगते मी. नाय तर उद्या तुमी दोघं पुन्हा कुणाला तरी फटफटीवर बसवाल. मॅडम, नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारतात. मंग तो गठ्ठा सुपरवायझर आमच्या हाती देतो. चार तुकडे करा अन् पोत्यात टाका. ते कामच हाय माझं. बाकीच्या बाया मधोमध फाडायच्या. मधोमध फाडलं की चित्र मोडतं. म्या चित्राच्या कडंकडंनं फाडायची. चार तुकडे म्हनले, चार तुकडे केले. हुकूम कुठं मोडला नाय.

पद्मजा : आणि मग?

सरूबाई : मंग डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली. घरी कणकेची खळ करायची अन् जोडायचे. आधी काय बी कळायचं नाय. पण दिवसा लादी पुसताना तोच पार्ट ट्रेमधी पडलेला दिसायचा. फिरवून बघायची. कागदावरचा गोल म्हणजे हे भोक. तुटक रेघ म्हणजे आत गेलेलं, न दिसणारं. पहिला कागद समजायला चार महिने लागले. समजला त्या रात्री मला झोप नाय आली, इतका आनंद झाला व्हता. सांगायचं कुणाला? घरात आमचे मालक म्हनले, येडी झालीस का.

पद्मजा : हे सगळं कोर्सच्या आधी?

सरूबाई : पाच वर्षं आधी. कोर्सची नोटीस लागली तवा वाटलं, आपल्यासाठीच लावली. दहावी बाहेरून दिलेली व्हती, ते कामी आलं. मॅडम, एकदा बी कागद कुणाला दिला नाय. इकला नाय. फुकट जाणारं व्हतं ते वाचलं, बस.

कडूबा : मॅडम, तुमचा फोन थरथरतोय.

पद्मजा : अरे देवा.

कडूबा : कुणाचा हाय?

पद्मजा : नानासाहेबांचा. कंपनीच्या ट्रेनिंगचे. सरूबाई, मी सकाळी त्यांना फोन केला होता.

सरूबाई : माझ्यासाठी?

पद्मजा : शीट पाहिली आणि लगेच केला. विचारलं, तुमच्या ड्रॉइंग सेक्शनमधून हिला कोणी मदत करतं का. हिनं कंपनीची ड्रॉइंग कुठे पाहिली असतील.

सरूबाई : नाव घेतलं माझं?

पद्मजा : घेतलं.

कडूबा : उचला मॅडम. नाय उचलला तर शक वाढंल.

पद्मजा : हॅलो. हो, बोला नानासाहेब. हो, सरूबाईंचंच. नाही, नाही, मिटलं ते. शीट त्यांचीच आहे, माझ्यासमोर दुसरी काढून घेतली. कुठे शिकल्या? इथेच. आम्ही दोन्ही पद्धती शिकवतो ना. मीच शिकवली. सकाळी? सकाळी माझ्या लक्षात नव्हतं, बत्तीस शीटा तपासून डोकं जाग्यावर नव्हतं. नाही हो, कागदबिगद काही नाही. त्रिकोण? मी बोलले होते का त्रिकोणाचं? तो फळ्यावर मीच काढला होता एकदा. पिशव्या? पिशव्या कशाला तपासायच्या? अहो पण सगळ्या बायकांच्या? नानासाहेब, माझं ऐका, सकाळी मी उगीचच फोन केला. बरं. ठेवते.

सरूबाई : काय म्हनले?

पद्मजा : यादीत नाव घाला म्हणाले.

सरूबाई : अन् पिशव्या?

पद्मजा : उद्यापासून साफसफाईच्या सगळ्या बायकांच्या पिशव्या गेटवर उघडून बघणार. येताना आणि जाताना.

सरूबाई : चौदा बाया हायेत आमी. आशाबाईच्या पिशवीत म्हाताऱ्या सासूची लंगोटं असतात, दुपारी धुऊन वाळवून नेती. ती बी उघडायची का?

पद्मजा : माझ्यामुळे झालं हे. मला फार वाईट वाटतंय, सरूबाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शिकायच्या ओढीनं इथवर आलं, आणि मी त्यात चोर शोधत बसले.

कडूबा : मी पण. बाई, त्या फटफटीचं मनात धरू नको.

सरूबाई : धरून काय करू? परीक्षेत वरचं खालीच काढू ना मॅडम?

पद्मजा : या परीक्षेत हो. इथे खालीच.

सरूबाई : काढीन. इथं खाली, तिथं वर. निघते मी.

पद्मजा : सरूबाई, एक मिनिट. मला एकदा बघायचेत ते. खरंच, नुसते बघायला. मी येते हवं तर गंगापूरला, कुणाला कळणार नाही. अजून घरी आहेत ना ते कागद?

सरूबाई : कोणते कागद, मॅडम?