उजव्या पायाचं कलबूत

(चपला-बुटांचं दुकान. दुपारचे तीन. शटर अर्धं खाली.)

बाई: जाळलंत की नाही ते अजून?

काका: आधी आत तर या. वाकून या, डोकं सांभाळा. बसा.

बाई: बसायला वेळ नाही. सकाळी फोनवर काय म्हटलं होतं मी? त्या जुन्या लाकडाचं काय ते बघा. कोणी ऐकत असेल म्हणून एवढंच बोलले. कळलं नव्हतं का?

काका: कळलं हो. पण दुकानात धूर काढला की समोरचा औषधवाला चौकशीला आलाच म्हणून समजा. आणि ते लाकूड नाही, कलबूत आहे, पायाचा साचा. त्यावर चढवून बूट शिवतो मी.

बाई: तेच ते. माझ्या भावाचा पाय आहे तो. तो कोणाचा कोण हे सांगणारी दुसरी वस्तू गावात नाही. सगळ्यांना वाटतं, धाकटा परदेशात नोकरीला आहे.

काका: मला सकाळी हॉस्पिटलात बोलावलं होतं.

बाई: तुम्हाला? का?

काका: मला एकट्याला नाही, सगळ्या बूटवाल्यांना. सरकार म्हणतंय संघटनेचा मोठा कमांडर मारला, संघटना म्हणते तो जिवंत आहे. अंगावर घर कोसळलंय, चेहरा काही राहिला नाही. मग उरलं काय, तर उजवा बूट. अडीच इंच तळ. टेबलावर ठेवून एकेकाला विचारत होते, हा तुझा का.

बाई: मग?

काका: नाही म्हटलं.

बाई: वाचवलंत काका.

काका: आता विचारा.

बाई: काय विचारू?

काका: जे विचारायला आलात ते. जाळायचं तर फोनवरच सांगून झालं होतं.

बाई: ...तुमचाच होता?

काका: माझाच.

बाई: याआधी दोनदा बातम्यांत मेला होता तो. दोन्ही वेळा मी वर्गावर गेले, भागाकार शिकवले, आणि महिन्याभराने त्याचा माणूस कागदावर पायाचं नवीन माप घेऊन आला. मला वाटलं, याही वेळी येईल.

काका: पाणी प्या.

बाई: विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय मी. बूट माझ्या नवऱ्याचे म्हणून सांगेन.

काका: त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मयताला मी आलो होतो की.

बाई: मग दर वर्षी विचारायचात ते? साहेबांना बूट बसले का म्हणून?

काका: विचारावं लागतं. दुकानात चार माणसं बसलेली असतात.

बाई: म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं तुम्हाला.

काका: सहा वर्षांचा होता, तुमच्या आईने कडेवर घेऊन आणला होता. पोरं लंगडा म्हणतात म्हणून शाळेत जायला तयार नव्हता. तो पाय मी विसरेन होय? हे बघा त्याचं कलबूत, हात लावा. इथे चामड्याची पट्टी चिकटवली, तो तुरुंगातून सुटला तेव्हाची. बेडीने घोट्याला गाठ आली होती. आणि इथे कानस मारली, करंगळी गेली त्या वर्षी.

बाई: बर्फात गेली म्हणे. मला कोणी धड सांगितलंच नाही. मापाच्या कागदावर पायाभोवती मारलेल्या रेघेत करंगळी नव्हती, त्यावरून कळलं.

काका: आई काय म्हणतेय?

बाई: तिला दिसत नाही, पण रेडिओ ऐकते ना. म्हणते, मला ने, पायाला हात लावला की सांगते. बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच चोळलाय तो. पाच वाजेपर्यंत ओळख पटवून कोणी सही केली नाही तर नंबर घालून पुरणार आहेत.

काका: मग नेणार का?

बाई: कशी नेऊ? सही करायची म्हणजे सांगायचं, मी त्याची बहीण. स्टँडवरचा स्फोट त्याने घडवला, काका. त्यात बाप गेलेली तीन पोरं माझ्या वर्गात आहेत. उद्या त्यांच्यापुढे उभी राहू कशी?

काका: त्यातली एक माझ्या मेहुण्याची.

बाई: ...माहीत आहे. तिसऱ्या बाकावर बसते. तिच्या वहीवर सही करताना मी मान वर करत नाही.

काका: हं.

बाई: आणि त्यानंतरही बूट शिवलेत?

काका: शिवले. तुम्हाला हाकलून द्यायचं ठरवलं होतं. मग तुम्ही पिशवीतून तो मापाचा कागद काढलात आणि माझ्या तोंडून निघालं, पंधरा दिवसांनी या. का, ते अजून सांगता येत नाही मला. राग गेला असं समजू नका. अजिबात गेलेला नाही.

बाई: मीही स्वतःला समजावत आले. बंदूक तर नाही देत, बूटच देते. त्याच बुटांनी तो कुठे कुठे गेला, हा विचारच करायचा नाही.

काका: बाई, आणखी एक आहे. सांगू की नको, सकाळपासून चाललंय माझं.

बाई: सांगा. आता काय व्हायचं राहिलंय.

काका: टाचेच्या तळाला खिळे कुठे बसवायचे त्याची मी खडूने रेघ मारतो. नंतर पुसतो. गेल्या वर्षीच्या जोडावर पुसायची राहिली होती. आज तो बूट उलटा करून दाखवला, तर रेघ तशीच होती.

बाई: म्हणजे?

काका: दहा पावलं टाकली तरी पुसली जाते ती. आधीचा जोड तर तेव्हाच झिजला होता, म्हणजे वर्षभर तो पाय जमिनीला लागलेला नाही.

बाई: टीव्हीवर तर तीन तास चकमक म्हणतात. हा डोंगरावरून धावत होता म्हणे.

काका: ते मला माहीत नाही. मला बूट कळतो. कुठेतरी अंथरुणाला खिळून असेल. शेवटी कोणीतरी पायात चढवले असतील.

बाई: वर्षभर?

काका: तसंच दिसतंय.

बाई: वर्षभर मी त्याच्यावर चिडून होते. निरोप नाही, काही नाही, मोठा कमांडर झालाय म्हटलं. आणि तो पडून होता. चालता येत नव्हतं त्याला, आणि मी नवे बूट पाठवले.

काका: तुम्हाला काय कळणार होतं.

बाई: किती वाजले?

काका: साडेतीन.

बाई: आईला घेऊन रिक्षाने अर्धा तास लागेल. सही मी करेन. बुटांचं विचारलं तर—

काका: माझं नाव सांगा. सकाळी खोटं बोलला म्हणून सांगा. स्वतःचं काम नाही म्हटलं मी, ते घशाखाली उतरत नाहीये.

बाई: तुम्हाला आत टाकतील.

काका: बघू. आणि हे कलबूत न्या. हॉस्पिटलात आईला पायाला हात लावू देतील, न देतील. निघायच्या आधी हे तिच्या मांडीवर ठेवा.

बाई: काय आहे म्हणून सांगू?

काका: सांगावं लागणार नाही. थांबा, पिशवी देतो.

बाई: नको काका. पाच वाजता सगळ्यांना कळणारच आहे. असंच नेते, हातात.