पाठीमागचा गिअर

हाडांच्या दवाखान्यात मी ताटकळत बसले होते. शेजारच्या बाकावर बाप आणि त्याची मोठी लेक. मी कान दिले नाहीत; त्यांचा आवाजच मोठा.

"बाबा, डॉक्टरांपुढे खरं सांगा. हात मागे जातो का?"

"जेवताना कुठे मागे न्यावा लागतो?"

"सायकलवर लागतो ना! तुमच्या त्या शर्यतीच्या सायकलच्या गिअरचा दांडा सीटच्या मागे, खाली आहे."

"म्हणून तर उद्या तो जुन्या सायकली जमवणारा येतोय. घेऊन जाऊ दे."

"मी काय मेले? मला द्या की."

"तुला? अगं, गिअर बदलायला चालत्या सायकलवर मागचं चाक सैल करायचं, उलटे पायडल मारत साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचं. भलेभले तिथेच आपटले."

"हे आईला लग्नाआधी सांगितलं होतंत?"

"आधी सांगितलं असतं तर तू असतीस का?"

"मी हँडलवर नवा गिअर बसवून घेईन."

"मग नवी सायकलच घे. हिला हात लावू नकोस."

"बरं बाई, नाही बसवत. शिकवा मग."

"इथे?"

"नंबर येईपर्यंत दुसरं काय काम आहे?"

"हात मागे ने. अजून खाली. मान कशाला वळवतेस? समोर चढ आहे! आता दांडा फिरव. झालं चाक सैल. पाय उलटे फिरव, उलटे!"

लेक बसल्या जागी पाय उलटे फिरवू लागली.

"आजोबा, तुमचा नंबर. आत चला."

"जरा थांबा हो सिस्टर. हिचं चाक अजून सैल आहे."