ए बरोबर ए अधिक एक

आपल्या आठल्ये सरांशी गणितात वाद घालायची कुणाची छाती होती सांगा! पण मांडवीच्या नसीमाने घातला. तिच्या भावाने दुबईहून कॉम्प्युटर आणला होता. तो टीव्हीला जोडून ती घरीच प्रोग्राम लिहायला शिकवायची. मी तिथे अगदी नवखा, आणि माझ्या शेजारी नुकतेच निवृत्त झालेले सर. नसीमाही त्यांचीच विद्यार्थिनी.

पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर लिहिलं, A = A + 1.

सर ताडकन उठले. "अगो, हे काय लिहिलंस? दोन्हीकडून ए वजा कर. शून्य बरोबर एक! हेच शिकवलं मी तुला?"

नसीमाचा चेहरा उतरला. तरी तिने तेच वाक्य घालून छोटा प्रोग्राम लिहिला आणि म्हणाली, "सर, तुम्हीच चालवून बघा."

सरांनी एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर एक, दोन, तीन करत आकडे वाढत निघाले, थांबेचनात. सर चष्मा काढून बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता हे उठून जाणार.

"नसीमा," ते हळूच म्हणाले, "बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आहे', असं मी जन्मभर शिकवलं. हे यंत्र तिथे 'हो' वाचतं गो! ए, तू एकाने मोठा हो, म्हणायचं. आणि तो होतो!"