पांढऱ्या कापडावरची अन्वी

तुम्हाला हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी अन्वीला एका फोटोवरून डॉक्टरांकडे नेलं होतं. ती सहा महिन्यांची झाली, म्हणून नवऱ्याने इथल्या, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलमधून पांढरंशुभ्र कापड आणलं. तिला त्यावर निजवून मी नव्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि धुळ्याला सासूबाईंना पाठवला. लगेच फोन आला, “काबर वं माय, पोर सुकाई गयी?”

पाहिलं तर खरंच, फोटोत चेहरा राखेसारखा! समोर पोरगी खिदळत होती, पण मी विश्वास ठेवला फोटोवर. रक्त कमी झालं असणार म्हणत रिक्षाने दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी अन्वीला तपासलं, मग कॅमेऱ्यातला फोटो. म्हणाले, “बेन, हे कापडही राखाडी दिसतंय. त्यालाही रक्त चढवू?”

मी फोटोतलं कापड पुन्हा निरखून पाहिलं.

“एवढं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो सगळंच काळवंडून टाकतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एकने वाढवा, बस.”

मी मान डोलावली आणि सवयीने विचारलं, “दुधाआधी की दुधानंतर?”